दहाचा पाना आणि ताईची फाईल

मला एक सांगा, एका मशीनवर माणसाने लिहिलेलं दुसऱ्या मशीनला का वाचता येऊ नये? मी हे ज्याला त्याला विचारलं, कुणी हसलं, कुणी चहा सांगितला, उत्तर मात्र… नाही. आणि मी काही फार मोठं विचारत नाहीये हो, मी गॅरेजात काम करतो, सातवीतून पळालेला माणूस, मला एवढंच कळतं की दहाचा पाना दहाच्या नटाला लागतो. गाडी कुणाचीही असो, पाना कुणीही बनवलेला असो. असं कुणी म्हणत नाही की हा नट ज्यांनी आवळलाय त्यांनाच बोलवा. आणि इथे? इथे नेमकं तेच म्हणतात!

झालं असं… माझी ताई. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी, आईच्या जागी तीच. छापखान्यात टायपिंगला होती, वर्षानुवर्षं एकच खुर्ची, एकच मशीन. माझे सगळे अर्ज तिनेच टाईप केले, माफीचे तर इतके की नुसती तारीख बदलायची. दोन महिन्यांपूर्वी गेली. शेवटी घशात नळी होती, बोलता येत नव्हतं, तर तिने किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात कोंबला आणि वरून मूठ दाबली. जुडग्यात पेनड्राइव्ह. पेनड्राइव्हवर फाईल, नाव ‘धाकटा’. धाकटा म्हणजे मी, दुसरा आहेच कोण?

घेऊन गेलो कॉम्प्युटरच्या दुकानात. उघडली त्याने. आणि पडद्यावर काय? इंग्रजी अक्षरं, काहींच्या डोक्यावर टोप्या, काहींच्या पोटातून आरपार काठ्या, मधेच रिकामे चौकोन… वीस ओळी. तुम्हाला सांगतो, दुकानवाला पदवीधर, पण त्याचा चेहरा असा झाला की मला जरा बरंच वाटलं, फळ्याकडे बघताना वर्गात माझा अगदी अस्साच व्हायचा. म्हणे फॉन्ट जुना, प्रोग्राम जुना, कंपनीने कधीच बंद केला. मग? तर मान वर न करता म्हणतो, “ज्यांनी केलीय त्यांना सांगा, परत सेव्ह करून द्या म्हणावं.”

सांगतो, म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं… आणि मग रस्त्यावर आलो आणि कुठल्या दिशेला जायचं तेच कळेना.

मग मावसभाऊ. हा मोठ्या ऑफिसात, बोलतो नाकातून, घाईत. त्याने सहा प्रोग्राममध्ये उघडली, सहा तऱ्हा! एकात सगळी प्रश्नचिन्हं, म्हणजे मी ताईला विचारत होतो ते बाजूलाच, तीच मला विचारायला लागली. हा एकीकडे फोनवर, एकीकडे फाईल, आणि नाकातून म्हणतो, अरे सोपंय, ज्यांनी केलीय त्यांना सांग, परत सेव्ह करून द्या म्हणावं. अंत्ययात्रेला खांदा दिला होता याने. त्याला आठवलं तेव्हा फोन ठेवला. चहा सांगितला.

तेव्हापासून घरात मला कुठेही ती टाईप करताना ऐकू येते. पातेल्यावरचं झाकण थडथडलं की ती. खिडकीची कडी वाजली की ती. शेवटी एका सकाळी मी स्वयंपाकघरात उभा राहून मोठ्याने म्हणालो, ताई, परत सेव्ह करून दे की गं. झाकण थांबलं. गॅस संपला होता, पण माझी काय अवस्था झाली असेल?

छापखान्यात गेलो. मालक म्हातारे, डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, तिचं मशीन भंगारात दिलं, ती अ‍ॅडमिट झाली त्याच आठवड्यात. फाईल बघितली, चष्मा पुसला, आणि सवयीने बोलून गेले, “ज्यांनी केलीय त्यांना…” आणि थांबले. दोघे दाराकडे बघत बसलो, दुसरं काही बघण्यासारखं नव्हतं म्हणून.

आणि दारावर तिने छापलेली सूचना! ‘छपाईचे कागद आधी तपासून घ्या. नंतर तक्रार चालणार नाही.’ त्या सूचनेची फाईलसुद्धा पेनड्राइव्हवर निघाली, तीही तशीच, टोप्या आणि काठ्या. मला एकदम लख्ख दिसलं. दारावरचा पहिला ‘छ’, म्हणजे पडद्यावरची ही पहिली टोपी! ही काठी म्हणजे काना! मालकांकडून पेन्सिल घेतली आणि खाली बसलो, दार बघ, पडदा बघ, दार बघ, पडदा बघ. शाळेत इतकं बसलो असतो तर आज कुठच्या कुठे असतो. दुपार गेली तेव्हा माझ्या फाईलची पहिली ओळ लागली.

‘आधी हे छापून घे.’

आणि पुढे, ‘नाहीतर –घ–णार नाही.’ दोन अक्षरं दारावर नव्हती, पण ती तुम्हीही भराल… उघडणार नाही! तिला ठाऊक होतं हो! दवाखान्यात जायच्या आधीच ठाऊक होतं, आणि लिहून कुठे ठेवलं, तर त्याच फाईलच्या आत!

अजून अठरा ओळी आहेत. लावल्या नाहीत. लावल्या की तिचं बोलून संपलं.

सरळ दुकानात गेलो, म्हटलं, हे छापा. दुकानवाला म्हणाला, अहो, यातलं एक अक्षर वाचता येत नाहीये. मी पडद्यावर बोट ठेवून त्याला वाचून दाखवलं. हा ‘छ’. हा काना. हा ‘प’, त्याला ऊकार, हा ‘न’. आणि हे ‘घे’. पदवीधर माणूस, माझ्या बोटामागून लहान मुलासारखा वाचत गेला, आणि मग निमूट छापली.

घेतली ताई, छापून घेतली. दोन महिने उशिराने, आणि टोप्यांसकट.