बाबा झोपडीत नव्हते

झुवेना : ...आणि बाबांनी सोटा खाली टाकला, आत्या! टाकला म्हणजे टाकलाच! सगळं मैदान बघतंय आणि हे उभे, हात लोंबकळत सोडून, जशी काही बसची वाट बघतायत!

आत्या : हळू, हळू. आधी त्या चुलीपासून लांब हो, पिलाव लवंडशील. कुणाच्या बाबांनी?

झुवेना : माझ्या! मला किती बाबा आहेत?

आत्या : तुझा बाप मैदानात कशाला जाईल? तो झोपडीत असतो. दर नव्या वर्षाला झोपडीत बसतो, म्हातारे बाहेरून गवताला काडी लावतात, तो मागच्या अंगानं पळतो, वर्षाची पीडा जळून जाते. सगळ्या बेटाला ठाऊक आहे. ऊन लागलं का तुला? ती हॉटेलवाल्यांची टोपी काढ डोक्यावरून, मेंदू शिजतोय आत.

झुवेना : बाबा झोपडीत नव्हते, आत्या. उस्सी होता.

आत्या : कोण उस्सी?

झुवेना : हॉटेलातला गं. सकाळी गोऱ्या बायकांना वाळूवर हात वर, हात खाली करायला लावतो तो. पिवळ्या चड्डीतला.

आत्या : तो? शिट्टीवाला? या अल्ला! अख्ख्या गावाचं वर्ष त्या चड्डीच्या हवाली केलं? कुणी बसवलं त्याला आत?

झुवेना : ते... म्हाताऱ्यांनीच.

आत्या : म्हाताऱ्यांना स्वप्न पडलं? कुणी सुचवलं?

झुवेना : आत्या, पहिल्यांदा तू ती पळी खाली ठेव.

आत्या : झुवेना!

झुवेना : मी! मी सुचवलं! आज सकाळी मशिदीच्या ओट्यावर सगळे बसले होते ना, तिथे गेले आणि सरळ बोलले. माझा आवाज एकदासुद्धा कापला नाही, शप्पथ. म्हटलं, आजोबांनो, गेल्या वर्षी माझ्या बाबांचा सदरा पेटला. खांद्यावर अजून डाग आहे. त्यांचे गुडघे बसले की उठत नाहीत, उठले की बसत नाहीत. एखाद्या वर्षी ते आतच राहतील आणि तुम्ही बाहेर टाळ्या वाजवत बसाल. उस्सी रोज पळतो, त्याला बसवा. तर सर्वांत म्हातारे आजोबा म्हणाले, पोरीच्या बोलण्यात दम आहे. दम, आत्या! माझ्या!

आत्या : आणि तुझा बाप?

झुवेना : ते काही बोललेच नाहीत. नुसतं बघत राहिले माझ्याकडे. बाजारात नेलेली बकरी बघते ना, तसं. मला वाटलं आनंदानं गप्प झाले.

आत्या : आनंदानं! माझ्या राणी, इंग्रजी येतं, हॉटेलात पाहुण्यांना गाव दाखवतेस, आणि स्वतःच्या बापाचं तोंड वाचता येत नाही? तो काय हौसेनं बसतो त्या आगीत?

झुवेना : मग कशाला बसतात?

आत्या : झोपडीतल्या माणसानं त्या दिवशी सोटा उचलायचा नाही. आणि त्याच्यावरही कुणी उगारायचा नाही. कळलं? आता तूच सांग, केळीचे सोटे असतात कशाला?

झुवेना : वर्षभराचा राग काढायला. ज्याच्याशी भांडण असेल त्याच्यासमोर उभं राहायचं, हाणाहाणी करायची, सोटा मोडला की भांडण मोडलं. नंतर त्याबद्दल कुणी ब्र काढायचा नाही. पाहुण्यांना मी हे दिवसातून पाच वेळा सांगते.

आत्या : पाहुण्यांना सांगतेस. मग तुझ्या बापाशी कुणाचं भांडण आहे?

झुवेना : कोंबो मामाचं. मासे धरायच्या जाळ्यावरून... अगं आई गं.

आत्या : आता पेटली टाळक्यातली बत्ती. नऊ वर्षं तुझा बाप, मकामे, त्या झोपडीत लपलाय. आग परवडली, पण कोंबो नको. आणि तू त्याचं दारच बंद केलंस.

झुवेना : पण मला काय माहीत! मी तर त्यांना वाचवायला गेले होते!

आत्या : वाचवलंस हो, छान वाचवलंस. पुढं काय झालं ते सांग. हाडबीड मोडलं का त्याचं?

झुवेना : ऐक. आधी सगळं मजेत चाललं होतं. पोरं एकमेकांना झोडत होती, सोट्यांतलं पाणी उडत होतं, धागे लोंबत होते. बायका शिव्यांची गाणी म्हणत होत्या. एका गोऱ्यानं तर तुझं गाणं पाठ केलं, तेच, आळशी नवऱ्याचं. तो म्हणतोय, त्याची बायको टाळ्या वाजवतेय, दोघांना अर्थ माहीत नाही!

आत्या : तिला सांगितलास ना अर्थ?

झुवेना : सांगितला. तिनं ते फोनमध्ये भरून घेतलं. तर एवढ्यात गर्दी अशी फाटली मधोमध. आणि कोंबो मामा आला. आत्या, तो कधीच येत नाही ना मैदानात! रस्त्यात मी दिसले तरी तोंड फिरवतो, मला वाटायचं मानच वाकडी आहे त्याची. तो सरळ चालत आला. खांद्यावर सोटा, हिरवागार, ताजा तोडलेला. आणि बाबांच्या समोर उभा राहिला.

आत्या : आणि मकामेच्या हातात?

झुवेना : होता ना सोटा, कुणीतरी दिलेला. आणि तोच टाकला! लोक ओरडताहेत, उचल, मकामे, उचल! मी पण ओरडले. नियमच आहे, दोघांनी मारायचं! पण बाबा हलले नाहीत. आणि मामानं पहिला हाणला. फटाक्! आवाज इतका मोठा की बायकांचं गाणं अर्ध्यात तुटलं.

आत्या : या अल्ला.

झुवेना : दुसरा. तिसरा. बाबा नुसते उभे. गोरे लोक आधी हसत होते, मग त्यांनी फोन खाली केले. एकजण मला विचारतो, हा खेळाचाच भाग आहे का? मी पहिल्यांदाच काही बोलू शकले नाही, आत्या. माझी जीभ टाळ्याला चिकटली. माझी!

आत्या : तुझी चिकटली म्हणजे प्रसंग बाका होता खरा. कुणी मध्ये पडलं नाही?

झुवेना : कसं पडणार? सोट्याच्या मध्ये पडायचं नसतं. पण खरं सांगू? मारापेक्षा मला ते बोलणं भयंकर वाटलं. मामा दर वेळी एकच म्हणत होता. ‘एक रात्र!’ फटाक्. ‘एक रात्र, मकामे!’ फटाक्. आत्या, जाळ्याच्या भांडणात रात्र कुठून आली?

आत्या : नारळ खवायचा राहिलाय. ती खवणी दे इकडं.

झुवेना : खवलेला नारळ तुझ्यासमोर आहे. आत्या, माझ्याकडे बघ. कसली रात्र?

आत्या : आज सणाचा दिवस...

झुवेना : आज नाही सांगितलंस तर कधीच सांगणार नाहीस. सोटा मोडला, आत्या. संध्याकाळपासून बोलायचंच नाही त्यावर. मग मला कधी कळणार?

आत्या : बस इथं चटईवर. जाळंबिळं काही नव्हतं. जाळ्याचं मीच तुला सांगितलं, लहान होतीस म्हणून. तुझी आई गेली तेव्हा लवंगांचा हंगाम होता. कोंबो पलीकडच्या पेंबा बेटावर गेला होता, लवंगा तोडायला. रिझिकी दुपारी गेली. त्याला निरोप पाठवला. त्याची बोट सकाळी लागणार होती. म्हातारे म्हणाले, एक रात्र थांबू, सख्खा भाऊ येतोय, त्याला तोंड बघू दे. मकामे ऐकेना. सूर्य बुडायच्या आत माती दिली. सकाळी कोंबो धक्क्यावरून पळत आला, पायांत चप्पल नव्हती, आणि घरात नुसती झाडलेली चटई.

झुवेना : बाबांनी? बाबांनी असं केलं? आपले बाबा? ते तर मेलेल्या खेकड्याचीसुद्धा माफी मागतात!

आत्या : त्यानंच.

झुवेना : मग बरोबर आहे मामाचं! मी असते तर मीसुद्धा हाणला असता! एक रात्र थांबायला काय झालं होतं?

आत्या : तू होतीस.

झुवेना : म्हणजे?

आत्या : तुला आठवत नाही?

झुवेना : मला फक्त खूप लोक आठवतात. आणि कुणीतरी दिलेला गूळ.

आत्या : तू तिच्या पायाशी बसली होतीस. हलवत होतीस तिला. आई ऊठ, भरती आली, पोहायला जायचंय. रिझिकी तुला रोज भरतीला पाण्यात न्यायची ना. आम्ही उचलून बाहेर नेलं की परत आत. पुन्हा तेच, आई ऊठ, पाणी चाललं. रडत नव्हतीस गं, रागावत होतीस तिच्यावर. मकामे माझ्याकडे आला आणि म्हणाला, मीझे, ही रात्रभर तिला उठवत राहील. रात्रभर हे ऐकायची माझी छाती नाही.

झुवेना : मग मामाला सांगितलं का नाही त्यांनी?

आत्या : मीही म्हणाले होते, सांग. म्हणाला, उद्या गाव म्हणेल, पोरीपायी भावाला बहिणीचं तोंड दिसलं नाही. पोरीला याच गावात राहायचंय, ती मोठी होऊन मैदानात उभी राहणार आहे, तिच्यावर बोट नको. बस. त्यापेक्षा तो आगीत बसला.

झुवेना : आणि मी त्यांना बाहेर काढलं. मी ओट्यावर उभी राहून, आवाज न कापता, बाहेर काढलं.

आत्या : ए, रडू नकोस. पिलावात मीठ बेताचं घातलंय मी.

झुवेना : आत्या, थांब, थांब! त्यांनी सांगितलं! मला आत्ता कळतंय! सोटा मोडला ना, मामाच्या हातात नुसता चोथा राहिला, तेव्हा बाबा पुढे झाले. मला वाटलं आता हे मारणार. पण ते मामाच्या कानाशी वाकले आणि काहीतरी बोलले. दोनच वाक्यं असतील. आणि मामा मटकन खाली बसला! मातीत! एवढा मोठा माणूस, पाय पसरून, लहान पोरासारखा. आणि मग त्यानं मान वळवली आणि गर्दीत कुणालातरी शोधायला लागला. माझ्याकडे बघून थांबला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे बघितलं, आत्या. मी घाबरले. मला वाटलं आता माझा नंबर. आणि मी पळत सुटले.

आत्या : वेडी. तो तुझा मामा आहे.

झुवेना : मला काय माहीत! मामा कसा असतो मला माहितीय का?

आत्या : आणि झोपडी? धूर कुणीकडं गेला?

झुवेना : समुद्राकडे. सरळ.

आत्या : शुकर! वर्ष बरं जाणार. आणि तो चड्डीवाला?

झुवेना : पळाला की. इतका पळाला की पोरांना दरवर्षीसारखी त्याच्यामागं ढेकळं फेकायलाही वेळ मिळाला नाही. हॉटेलच्या व्हॉलीबॉलच्या जाळ्यापर्यंत पळाला म्हणतात. चड्डीला भोक पडलंय.

आत्या : बरं झालं. पुढच्या वर्षी हात वर, हात खाली करताना आठवेल. बरं, आता नीट ऐक. हे जे मी सांगितलं ना, ते इथंच. चुलीत गेलं. सोटा मोडलाय. बापाला विचारायचं नाही, मामाला विचारायचं नाही, गोऱ्यांना गोष्ट करून सांगायची नाही.

झुवेना : पण मी तर आत्ताच सुरुवात केली विचारायला!

आत्या : नियम तुझा बाप आला तरी बदलत नाही. चल, तोंड धू. पानं मांड. आपला पाहुणा कुठाय?

झुवेना : कोण पाहुणा?

आत्या : कोण पाहुणा काय? आजच्या दिवशी घरात परका माणूस जेवल्याशिवाय कुणी घास उचलतं का? तू म्हणालीस, मी आणते, माझ्याकडे हॉटेलभर पाहुणे आहेत, तू फक्त शिजव. मी शिजवलं. आख्खा ऑक्टोपस नारळाच्या रसात घालून बसलेय सकाळपासून. कुठाय?

झुवेना : आत्या... ती मैदानात राहिली. जर्मन बाई. मी तिला म्हटलं, इथंच थांबा, आत्ता येते, आणि मग सोटा, आणि मग मी...

आत्या : सोडून आलीस? पाहुणीला?

झुवेना : तशीही ती ऑक्टोपस खात नाही म्हणाली. त्याला बुद्धी असते म्हणे.

आत्या : तुझ्यापेक्षा असेलच. आता काय करायचं? बिनपाहुण्याचं वर्ष! धूर समुद्राकडं गेला आणि घरात हे! तुझ्या आईनं आजच्या दिवशी एकदा रस्त्यावरचा पोलीस ओढत आणला होता, पण पान रिकामं ठेवलं नाही.

झुवेना : पोलीस? आईनं? हे तू मला कधी सांगितलंच नाहीस!

आत्या : हे विचारायला बंदी नाही. विचार पाहिजे तेवढं. पण आधी... थांब. कोण आहे बाहेर?

(अंगणात रांजणाच्या पाण्यानं कुणीतरी पाय धुतंय. मग दुसरं कुणीतरी धुतंय.)

बाबा : मीझे, दोन पंचे दे.

आत्या : दोन?

बाबा : दोन.

आत्या : आणि तुझं तोंड बघ, मकामे! हा गाल बघ, पिकलेल्या फणसासारखा... बरं, बरं. नाही बोलत. सोटा मोडलाय. हे घे दोन. कोंबो, तिथं उंबऱ्यात अवघडू नकोस, मागनं वारा येतो, आत ये. पिलावावरचं झाकण काढतेय मी.

झुवेना : आत्या! मामा आलाय! आपल्याकडे! अगं आत्या, मिळाला! पाहुणा मिळाला आपल्याला! मी पान मांडते, मधलं पान मामाला, पाहुण्याचं!

बाबा : झुवेना.

झुवेना : काय बाबा?

बाबा : हा पाहुणा नाही. हॉटेलची बस सुटायच्या आत पळ, आणि पाहुणा कुठं मिळतो का बघ.