मीठ कुणीच मागितलं नाही

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष, आमच्या ज्येष्ठ संचालकबाई. व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे. समोर बसलेले माझे सर्व सहकारी आणि तुमच्या घरची मंडळी. आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो, त्या आपल्या उपाहारगृहाच्या मावशी,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मालकाला वेळ बांधून देणारी माणसं या कारखान्यात आहेत, याचा मला आनंद आहे.

मावशींचा परिचय मी काय करून देणार? इथल्या प्रत्येकाला त्यांनी वाढलंय. बावीस वर्षांपूर्वी इथे बाटल्यांची बुचं बनवणारी दोन मशिनं, सहा कामगार आणि एक पातेलं होतं. जेवणाच्या ओळीत सातवा मी. मावशी म्हणायच्या, "ए लांब्या, वाकून धर ताट, माझा हात पोचत नाही." मालक वाकायचा.

त्या ओळीत मी धंदा शिकलो. कान तिखट आहेत माझे. कुणाचं घरभाडं वाढलं, कुणाची मुलगी आजारी, मला शिव्या कोण घालतंय, सगळं ताट धरल्या धरल्या कळायचं. आणि रोज एकजण तरी कुरकुरायचा, मावशी, मीठ विसरलात. मावशी म्हणायच्या, हे घरी बायकोला बोलून दाखव.

पुढे कारखाना वाढला. तुमच्या कष्टांनी वाढला, असं आम्ही दरवर्षी भाषणात म्हणतो. वाढलेलं मात्र वरच्या मजल्यावर गेलं. मीही गेलो. माझं ताट वर येऊ लागलं. मावशी मला 'साहेब' म्हणू लागल्या. मला वाटलं, मान दिला.

गेल्या वर्षी एका दुपारी, दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "साहेब, पंधरा दिवस झाले, मिठावरून कुणी भांडलं नाही. खरकट्याची बादली कोरडी असते. पॅकिंगच्या बायका अर्धी भाजी डब्यात घालून घरी नेतात. जरा खाली येऊन जेवा."

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, मावशी, तुमच्या हाताची चव सुधारली असेल. माझ्यासमोरचे पाहुणे हसले. मावशी हसल्या नाहीत.

पुढच्याच आठवड्यात आम्ही ओव्हरटाइम बंद केला. त्याच दिवशी वरच्या जेवणाच्या खोलीसाठी गादीच्या सोळा खुर्च्या आल्या. त्या वर वाहून न्यायला कुणाला सांगितलं? ज्यांचा ओव्हरटाइम गेला, त्यांनाच. यात काही वावगं आहे, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. ऐन जेवणाच्या वेळी, एका फिटरने वर नेलेली खुर्ची खिडकीची काच फोडून खाली आली.

मग खालचे सगळे वर यायला जिन्याकडे धावले. मावशींनी उकळत्या रश्श्याच्या पातेल्याची गाडी जिन्याच्या तोंडाशी आडवी घातली आणि स्वतः पुढे उभ्या राहिल्या. आपल्याला कुणी ढकलणार नाही, असा त्यांचा अंदाज. तो चुकला नव्हता. पुढच्यांनी पाय रोवले होते. मागच्यांना पातेलं दिसत नव्हतं.

मघाशी म्हणालो ना, कान तिखट आहेत? वरच्या खोलीत मी मावशींची किंकाळी ओळखली. दाराच्या कडीवर माझा हात होता. मी कडी काढली नाही. मावशींना उचलून दवाखान्यात नेलं ते त्या फिटरने. खुर्ची फेकल्याची त्याच्यावरची पोलीस तक्रार मी मागे घेतली. तो मात्र परत आला नाही.

मावशींचा भाजलेला उजवा हात आता पळी धरत नाही. म्हणून हा निरोप. पुष्पगुच्छ त्यांनी डाव्या हाताने घेतला, ते तुम्ही पाहिलंत. त्या खुर्च्यांपैकी पंधरा अजून वर आहेत. शाबूत.

आज कितीतरी वर्षांनी मी खाली ओळीत उभा राहिलो. मी आलो आणि कुजबुज थांबली. नवा आचारी गडबडीत भाजीत मीठ घालायला विसरला होता. तीनशे माणसं जेवली. मी वाट बघत होतो. मीठ कुणीच मागितलं नाही.

शेवटी मी मावशींच्या शेजारी जाऊन बसलो आणि विचारलं, जेवण कसं झालं होतं?

त्या म्हणाल्या, "छान होतं, साहेब."

अध्यक्षबाईंचे, पाहुण्यांचे, सकाळपासून राबलेल्या सगळ्यांचे आभार. पाच मिनिटं केव्हाच उलटून गेली, तेवढं पदरात घ्या. बाकी माझं जे चुकलं असेल, त्याला कृपा करून छान होतं म्हणू नका.