सदतिसाव्या पानावरची खूण

—नाय नाय मॅडम, पुस्तक ठेवून लगेच निघू नका, मिस्टरांना कशी वाटली ते तरी सांगा! मीच दिली होती ना — तुमी म्हणालात, घरी सुपरहिरोचे सिनेमे सोडून दुसरं काय चालत नाय — तेव्हा मी म्हणालो, ही कादंबरी न्या. ह्यात उडणारं कोणी नाय, पण एकदा हातात घेतली की जेवण गार होतं! सबस्टेशनवरचा साधा ऑपरेटर, शॉक बसतो, मरायच्या ऐवजी अंगात ताकद येते — कोसळणारा पूल हातावर तोलतो गडी! पण ताकद वापरली की दर वेळी जवळचं एक माणूस त्याला कायमचं विसरतं. आधी मित्र, मग बहीण, शेवटी बाप उरतो — आणि पुन्हा एक पूल कोसळायला लागतो... हसू नका, बासष्टाव्या वर्षी मी ती एका बैठकीत संपवली. तुमीपण दोनदा नेलीत ना? डिसेंबरात एकदा आणि आता परत. मी मीनाला, म्हणजे आमच्या मिसेसना म्हणालोसुद्धा, उलव्याच्या मोनाली मॅडम विसरल्या वाटतं, वाचलेलंच नेलं.

बसा पाच मिनिटं. आलेलं पुस्तक तपासल्याशिवाय मी कपाटात लावत नाय. वाचनालय सोसायटीच्या गाळ्यात आहे, सानपाड्याबाहेर कोणाला ठाऊक नाय, म्हणून काय झालं — शिस्त पायजे! लोकांना एक सवय असते बघा, वाचलेलं परत घरी जाऊ नये म्हणून ठरलेल्या पानावर खूण करतात. गिरजाबाई पन्नासाव्या पानावर तुळशीचं पान काढतात, श्यामसुंदर काका पहिल्याच पानावर फुली मारतात. मी रविवारी खोडरबर घेऊन बसतो आणि सगळं साफ. चष्मा नसला तरी हात चालतो, इतकी सवय. गिरजाबाई भांडतात — धनाजीराव, आता आमी कसं ओळखायचं? मी म्हणतो, ते तुमचं तुमी बघा, पुस्तक सगळ्यांचं आहे.

घरातपण माझं तेच. आमचा यशराज — दहा वर्षांचा असल्यापासून सदतिसाव्या पानावर, सदतीसच का ते त्यालाच ठाऊक, एक पाठमोरा माणूस काढायचा, नखाएवढा, सुपरहिरोसारखा मागं झगा उडतोय. माझी किती बोलणी खाल्ली त्यानं! त्यालापण तुमच्या मिस्टरांसारखंच वेड. बँकेच्या परीक्षेत तीनदा नापास, आणि माळ्यावर कॉमिक्सचे खोके. तो चार दिवस साताऱ्याला गेला होता, मी रद्दीवाल्याला बोलावलं. चाळीस किलो भरलं. रागात केलं असतं तर एक वेळ ठीक — मी विचार करून केलं मॅडम, तेच वाईट. तो आला, माळा बघितला, खाली उतरला, जेवला. सकाळी बॅग घेऊन गेला. तीन वर्षं झाली. लग्न केलं म्हणे कोर्टात, तेपण तिसऱ्याकडनं कळलं. फोन वाजला की मीना अजून आधी हात पुसते, मग धावते... जाऊ दे, तुमाला कशाला टेन्शन!

हे बघा! पेनानं? मॅडम, पेनानं?! पेन्सिल तरी समजू शकतो — हे बॉलपेननं गिरवून गिरवून काढलंय, किती घासलं तरी जात नाय, कागद विरला बघा इथं. मिस्टरांना सांगा, वाचनालयाचं पुस्तक म्हणजे काय शाळेचा बाक आहे का... चष्मा द्या जरा. तो, रजिस्टरवर आहे.

सदतीस.

ही कादंबरी मी गेल्या दिवाळीत आणली. नवी कोरी. आणि यशराज जाऊन तीन वर्षं... मग हा त्याचा पाठमोरा माणूस इथं कुठनं आला? झगापण तोच. आणि त्याच्या खाली अजून एक आहे, पुसट, पेन्सिलीचा. खोडलेला. मीच खोडला असणार, जानेवारीत कुठल्या तरी रविवारी, चष्म्याशिवाय. म्हणून परत न्यायला लावली त्यानं? खूण राहिली का बघायला?

मान का खाली घातलीत? सभासद होताना आडनाव विचारलं, तर माहेरचंच लावते म्हणालात. उलव्याहून इतक्या लांब येतात, वाचनाची किती आवड, असं कौतुक करायचो मी घरी! त्याला वाटलं असेल, बापानं ओळखलं, आणि ओळखून खोडलं. नाय, तुमी बोलू नका, आधी माझं ऐका — मी बघितलं नव्हतं. त्या गोष्टीतला बाप विसरतो, मी एक दिवसपण विसरलेलो नाय. एवढंच सांगा त्याला.

सारखं बाहेर काय बघताय? तो समोर झाडाखाली, गाडीवर, हेल्मेट घालून — तो दर वेळी असतो तिथं. मला वाटायचं डिलिव्हरीवाला...

नको, हाक नको मारू. मी नाय येत बाहेर, काय बोलणार मी? तू जा. हे पुस्तक ने, नोंद नको. म्हणावं, चित्रातल्या माणसाचं डोकं मी घासलं आत्ता, चुकून, पण झगा शाबूत आहे. काय बघतेस माझ्याकडे — अगं, त्यानं मला बघितलं, गाडी चालू केली बघ! जा गं, पळ!