गोळी ठेवायची कुठे?

मंडळी, जरा पुढं सरकून बसा, मागं बायाबापड्या उभ्या आहेत. बसलात? आता आज एकच विचारतो. औषध दिलं म्हणजे माणूस बरा केला, असं होतं का? देवापुढं ताट ठेवलं म्हणजे भक्ती झाली का? माना हलवू नका एवढ्यात. आधी ऐका, मग हलवा.

एका जिल्ह्याच्या गावी डॉक्टरकीचं मोठं कॉलेज. तिथं एक बाई शिकवायच्या — कुमुदिनी सोनटक्के. त्या डॉक्टर नव्हत्या. विषय त्यांचा समाजशास्त्र. माणूस कुठल्या घरात राहतो, त्या घरात कुणाचं चालतं, शेवटी कोण जेवतं, आजारपण कोण लपवतं — असलं सगळं त्या शिकवायच्या. आणि पोरं काय करायची? हाडांची पुस्तकं मांडीवर उघडून पाठ करायची. काही तर सरळ झोपायची. आता झोपणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. आमच्या कीर्तनातही पहिल्या रांगेत झोपणारे आहेत — बघा, पाटील हसले, म्हणजे जागे आहेत!

त्या वर्गात निनाद तारळेकर नावाचा एक हुशार मुलगा. एकदा उभा राहून म्हणाला, "मॅडम, घरात शेवटी कोण जेवतं हे कळून आम्ही किडनी बरी करणार आहोत का?" सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या. म्हणाल्या, "नाही रे. पण किडनी एकटी घरी जात नाही." आणि पुढचं शिकवायला लागल्या. रागावल्या नाहीत. हे शिक्षकाचं लक्षण, मंडळी. बी पेरणारा रोज माती उकरून बघत नाही.

निनाद चांगल्या मार्कांनी पास झाला. हिवरतळे गावच्या आरोग्य केंद्रात कामाला लागला. पोरगा मनापासून काम करी, ते कबूल केलं पाहिजे. तिथं त्याच्याकडं वनिता नावाची एक तरुण बाई आली. खोकला हटत नाही, अंगावरचं लुगडं सैल झालेलं. तपासलं तर टीबी. आता टीबी बरा होतो, पण गोळ्या काही महिने न चुकता घ्याव्या लागतात. मधे सोडल्या तर तोच आजार हट्टी होऊन बसतो. निनादनं हे सगळं तिला नीट समजावलं. ती मान डोलवत राहिली. गोळ्या घेऊन गेली.

पुढं ती येईना. आली तेव्हा आणखी वाळलेली. गोळ्या घेतच नव्हती! निनाद तिला बोल बोल बोलला. तरी पुन्हा तेच. मग या भल्या माणसानं काय केलं? आरोग्य केंद्राची गाडी काढली आणि थेट तिच्या दारात उभी केली. सासू ओट्यावर बसलेली, शेजारणी धान्य निवडताहेत. तिथं सगळ्यांदेखत त्यानं विचारलं, "वनिताताई, टीबीच्या गोळ्या का घेत नाही तुम्ही?"

पेटीवाले, सूर जरा धरून ठेवा. इथं घाई करायची नाही.

त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं हो. वनितानं आजार लपवला होता. आणि हा तिचा जीव वाचवायला आलेला डॉक्टर! दिवस मावळायच्या आत सासूनं, हौसाबाईनं, तिला माहेरी पाठवलं. नवरा संपत आईपुढं बोलला नाही. आणि वनिताची लहान लेक? ती ठेवून घेतली. म्हणाली, पोरीला आजार लागेल.

निनादला दुसऱ्या दिवशी हे कळलं. आपण खोटं बोललो नाही, वाईट चिंतलं नाही, तरी एक माय लेकरापासून तुटली. हे कुठल्या पुस्तकात शोधायचं? तेव्हा त्याला सोनटक्के बाई आठवल्या. गेला त्यांच्याकडं. सगळं सांगितलं. बाईंनी त्याला 'तेव्हा वर्गात थट्टा केलीस ना' असं म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या, आधी वनिताकडं जा. काही समजावू नकोस. विचार, आणि गप्प बस.

तो तिच्या माहेरी गेला. आधी माफी मागितली. मग विचारलं, ताई, गोळ्या का घेता येत नव्हत्या? आणि गप्प बसला. तिनं पदराची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाली,

"गोळी कशी घ्यायची ते सांगितलंत तुम्ही. पण ठेवू कुठं, ते कुणी विचारलं? त्या घरात माझी म्हणून एक फळीसुद्धा नाही. डबा सासूबाईंचा, पेटी नवऱ्याची. पदराला तरी किती दिवस बांधू?"

मंडळी, सगळं घर तिच्या हातचं जेवत होतं. आणि चार गोळ्या ठेवायला तिला जागा नव्हती.

निनादनं विचारलं, सासूबाईंशी बोलू का? या वेळी विचारूनच. ती म्हणाली, बोला, पण माझी पोर मला भेटू द्या.

मग तो आणि सोनटक्के बाई हौसाबाईकडं गेले. आपल्याला वाटतं, सासू म्हणजे खाष्ट. थांबा. बाईंनी तिला उपदेश केला नाही. विचारलं, तुम्हाला भीती कशाची वाटते? हौसाबाई आधी फणफणली, मग हळूहळू बोलली. तिची धाकटी जाऊ याच खोकल्यानं गेली होती. पाठोपाठ जावेचं अंगावरचं मूलही गेलं. दोघांना हिनंच मांडीवर घेतलं होतं. निनाद मधे बोलू बघत होता. बाईंनी नजरेनंच थांबवला. म्हातारीचं सगळं बोलून झालं, रडून झालं, तेव्हा त्यानं दारात केलेल्या चुकीची तिच्यापुढंही माफी मागितली. मग सांगितलं की आता औषध आहे, नीट घेतलं की आजार पसरायचाही थांबतो, आणि नातीलाही तपासून घेऊ.

त्या दिवशी हौसाबाई हो म्हणाली नाही. नातीला मात्र तपासायला घेऊन आली. पोर ठणठणीत निघाली. इकडं वनिता माहेरी न चुकता गोळ्या घेऊ लागली होती. मग काही आठवड्यांनी एके सकाळी हौसाबाई स्वतःच नातीला कडेवर घेऊन वनिताच्या माहेरी जाऊन उभी राहिली. पोरीला तिच्यापुढं खाली ठेवलं आणि म्हणाली, "फडताळातली वरची फळी मोकळी केलीय. तुझी. मी हात लावायची नाही."

वनिता लगेच उठून गेली असेल? नाही. तिनं लेकीला पोटाशी धरलं आणि सांगितलं, औषध इथंच पुरं करते, पोर माझ्यापाशी राहू दे. हौसाबाईनं ऐकलं. संपत आठवड्याच्या बाजारी गोळ्या पोचवू लागला. वनिता बरी झाली, अंगानं भरली, आणि मग आपल्या पायांनी सासरी आली.

आता हलवा माना! पण नुसत्या हलवून घरी जाऊ नका. इथं टाळ्या वाजवणाऱ्यांनी आज घरी गेल्यावर आपल्या सुनेला, आईला, बायकोला एवढंच विचारायचं — बाई, या घरात तुझी म्हणून जागा कुठली? आणि विचारून झालं की गप्प बसायचं. ती लगेच बोलणार नाही. तिला सवय नाही. तुम्ही बसून राहा. तेवढा वेळ देवाचं नाव नाही घेतलं तरी चालेल; तो तिथंच, तिच्या उत्तराची वाट बघत बसलेला असेल.