प्रभारी खात्याचा उज्ज्वल इतिहास

…आणि वर म्हणतात काय, तर 'मॅडम, समजून घ्या, मी प्रभारी आहे!' अहो, प्रभारी आहात म्हणजे काय आहात? हात मोडलाय? पेन उचलत नाही? चहाचा कप उचलतो, मोबाइल उचलतो, सत्काराची शाल तर समोरच्यानं उलगडायच्या आत खांदा पुढं येतो, आणि एका सहीचं नाव काढलं की लगेच प्रभारी! तुम्हाला सांगतो, एसटी स्टँडवर 'जरा पिशवी बघा हो' म्हणून कुणी आडोशाला जातो ना, त्याची पिशवी सांभाळणारा माणूस म्हणजे प्रभारी. पिशवी उघडणार नाही, पिशवी सोडणार नाही, आत काय आहे विचारलं तर म्हणणार, मालक आल्यावर विचारा. आणि मालक? मालक तिकडच्या तिकडं दुसऱ्या गाडीत बसून पसार!

आता आमरीनचंच घ्या. लासूर स्टेशनच्या कॉलेजात इतिहास शिकवते. नावामागं डॉक्टर आहे, पण नोकरी तासिकेवर. तासिकेवर म्हणजे? घंटा वाजली तर पैसे. नाही वाजली तर बाई, घरी जा. निवडणूक लागली, घंटा नाही. परीक्षा लागली, घंटा नाही. संस्थेच्या अध्यक्षांच्या सासूबाई गेल्या, कॉलेजला सुट्टी, घंटा नाही… तुम्हाला सांगतो, त्या म्हातारीच्या मरणाचं खरं दुःख त्या अख्ख्या तालुक्यात कुणाला झालं असेल तर ते एकट्या आमरीनला!

बरं, जागा नव्हती असंही नाही. तिथले जुने सर रिटायर झाले, पद रिकामं झालं, जाहिरात निघाली, मुलाखत झाली, निवड कुणाची? आमरीनची! अम्मीनं, म्हणजे जैतुनबीनं, गल्लीत पेढे वाटले. आता राहिलं काय? तर उच्च शिक्षण खात्याच्या संभाजीनगरच्या विभागीय कार्यालयाची मान्यता. एक सही. ती झाली की बाई पर्मनंट, नाही झाली की घंटा. ती गेली कार्यालयात. खुर्चीवर तांत्रिक शिक्षणातले एक साहेब. मऊ आवाज, मधात बुडवलेला. "बसा ना मॅडम. प्रस्ताव उत्तम आहे. पण काय आहे, मूळ पद माझं तिकडं, इकडं मी प्रभारी आहे. धोरणात्मक निर्णय मला घेता येत नाही." अहो, इतिहासाची एक बाई लासूरला शिकवणार, हे धोरण? हिनं काय पानिपत पुन्हा लढायचंय?

आता तुम्ही म्हणाल, असेल एखादा. एखादा? अहो, या शहरात नळाला पाणी जितक्या वेळा येतं, त्याच्याही निम्म्यानं त्या खुर्चीवर नियमित अधिकारी येत नाही! तांत्रिकवाले गेले, क्रीडा खात्यातले आले. ते उभ्यानंच बोलायचे, सारखे जागेवर उड्या मारल्यासारखे. "मॅडम, स्पिरिट पाहिजे! हार मानायची नाही! पण मी प्रभारी आहे." ते गेले, मत्स्य व्यवसाय खात्यातले आले. मराठवाड्यात! मासळी! त्यांना स्वतःच्याच खात्यात काम नव्हतं म्हणून दुसऱ्याच्या खात्यात बसवलं. आले, पडदे बदलले, टेबल पूर्वेला फिरवलं, दारावर पितळी पाटी लावली. मध्ये शहराचं नाव बदललं, तर शिक्के, लेटरहेड, बोर्ड, सगळं पटापटा बदललं. त्याला अधिकार होते! आणि मग कारकून पुंजाराम, छप्पन्न साहेब बघितलेला माणूस, चष्म्यावरून आमरीनकडं बघून म्हणतो कसा, "मॅडम, तुमच्या प्रस्तावावर जुनं नाव हाय शहराचं. नव्यानं करून आणा. लई काय नाय, चार प्रती फक्त."

"आणल्यावर सही होईल ना?"

"व्हईल की. नियमित साहेब आले की."

"कधी येतील?"

"त्ये काय मला इचारता? मीबी तर वाटच बघायलोय."

घरी गेली की जैतुनबी दारात. "क्या बोले उनो?" आमरीन चप्पल काढत म्हणायची, "प्रभारी है अम्मी." जैतुनबीला पहिले काही महिने वाटलं, प्रभारी हा एकच माणूस आहे. शेवटी एकदा वैतागून म्हणाली, "मरताभी नै क्या ये प्रभारी?" आता तिला कसं सांगायचं, की तो मरत नाही, त्याची नुसती बदली होते?

आणि अशात, तुम्हाला सांगतो, खात्याचा सुवर्णमहोत्सव आला! महोत्सव म्हटला की मंडप, मंडप म्हटला की पाहुणे, पाहुणे म्हटले की त्यांच्या हातात द्यायला एक ग्रंथ, गुळगुळीत कागदाचा, न वाचण्याच्या लायकीचा. 'खात्याची प्रशासकीय वाटचाल'. पण लिहिणार कोण? खात्यात लिहिता येणारी माणसं पुष्कळ, पण त्यांना फक्त 'पहावे' आणि 'चर्चा करावी' एवढंच लिहिता येतं. पुंजारामच्या डोक्यात दिवा पेटला. "साहेब, त्या लासूरच्या मॅडम हायत की. हिस्ट्रीच्या. निजामाच्या टायमाच्या फायली उर्दूत पडल्यात, त्याबी वाचतील. आन् तशा रिकाम्याच असत्यात." रिकाम्या! जिला हे रिकामं ठेवतात, तिलाच म्हणतात रिकामी!

मत्स्यसाहेब गोड हसले. "मॅडम, एवढं काम करा. तुमची फाइल मी गठ्ठ्याच्या सगळ्यात वर ठेवतो. नियमित साहेब आले की पहिला हात तुमच्या फायलीवर."

बसली बिचारी कपाटं उपसत. आणि काय सापडलं असेल? आधी म्हणे शाळा आणि कॉलेजं एकाच छपराखाली. मग फारकत. मग तांत्रिकवाले वेगळे निघाले, जाताना कपाटं घेऊन गेले, कपाटात कॉलेजांच्या फायली. मग वरून हुकूम, पुन्हा एकत्र व्हा. कपाटं परत आली, फायली तिकडंच! मग पुन्हा वेगळे. या सगळ्या घटस्फोटांत खुर्ची कुणाकडं? प्रभारीकडं. पहिला नियमित अधिकारी रुजू झाला, आठवड्यात रजेवर गेला, तो थेट पेन्शनलाच परत आला. दुसरा आला तो बदली रद्द करून घ्यायला मुंबईला जाऊन बसला. बाकी अख्खी पन्नास वर्षं पिशवी सांभाळणारेच!

आमरीननं हे सगळं जसंच्या तसं लिहिलं. वर्गात पोरांना 'पुरावा दाखवा' म्हणणारी बाई, दुसरं काय लिहिणार? मत्स्यसाहेबांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा त्यांच्या खात्यासारखा झाला, पाण्याबाहेर काढलेला. "मॅडम, हा काय इतिहास झाला? ही तर तक्रार झाली! इतिहासात अभिमान पाहिजे. तुम्हाला मान्यता पाहिजे ना?"

पुंजारामनं समजूत काढली, "मॅडम, कोण वाचतंय? गोड लिहा आन् मोकळ्या व्हा."

रात्रंदिवस जिच्यासाठी झुरली ती सही डोळ्यांपुढं, दारात जैतुनबी… काय करणार? लिहिलं तिनं गोड. असं गोड, की मुंग्या लागाव्यात. महोत्सवात ग्रंथ निघाला, प्रभारी साहेबांनी प्रभारी साहेबांना शाल घातली, कडुबा नावाचा शिपाई फुलं उधळून उधळून दमला, आणि लेखिका कुठं? मागच्या रांगेत, कूलरच्या पाठीमागं. ग्रंथावर नाव? संपादक मंडळ.

पण चमत्कार बघा! कुणी वाचणार नाही म्हणाले होते, तो ग्रंथ मंत्रालयात कुणी तरी वाचला. म्हणे, एवढं गुणी खातं, आणि त्याला कायमचा प्रमुख नाही? आणि आला! नियमित अधिकारी आला! प्रणय साहेब. तरुण, चुणचुणीत, दहाच्या आत खुर्चीवर. फाइल आली की पहिल्या पानापासून वाचतो! पुंजारामला धाप लागली. जैतुनबीनं तर या खेपेला सोबतच यायचं म्हणून हट्ट धरला, बाहेरच्या बाकड्यावर नवी ओढणी घेऊन बसली.

आत साहेबांनी फाइल अख्खी वाचली. मान हलवली.

"मॅडम, मी प्रभारी नाही, तेव्हा स्पष्ट सांगतो. हे पद वर्षानुवर्षं भरलेलं नाही. नियम असा, की इतका काळ रिकामं राहिलेलं पद व्यपगत होतं."

व्यपगत! म्हणजे साध्या मराठीत, मेलं.

"साहेब, पण माझा प्रस्ताव इथंच पडून होता! सही कुणी केली नाही म्हणून पद रिकामं राहिलं. तुमची ही खुर्चीसुद्धा तितकीच वर्षं रिकामी होती, ती नाही मेली?"

"खुर्ची रिकामी कुठं होती? प्रभारी होते ना."

"मग तिथं मी होते ना, साहेब! रोज शिकवत होते!"

"तुम्ही तासिकेवर होता, मॅडम." अगदी सभ्यपणे बरं का, आवाज न चढवता. गळा कापावा तर असा. "आणि तुमचा प्रस्ताव पडून होता म्हणता, ते मला मान्य करता येत नाही." त्यांनी खणातून ग्रंथ काढला. गुळगुळीत कागद. "हे खात्याचं अधिकृत प्रकाशन. काय लिहिलंय बघा. 'प्रभारी अधिकाऱ्यांच्या कार्यकाळातही मान्यतेचे एकही प्रकरण कधी प्रलंबित राहिले नाही.' एकही नाही म्हटल्यावर, तुमचं कुठून येईल?"

आता बघा पंचाईत! हे मी लिहिलं म्हणाली तर खोटी, मी लिहिलं नाही म्हणाली तर नाव तसंही नाहीच! दाराबाहेर जैतुनबीच्या बांगड्या वाजत होत्या.

तेवढ्यात पुंजाराम, त्याच्या मनात माया उशिरा येते पण येते, पुढं होऊन म्हणाला, "साहेब, त्ये पुस्तक यांनीच लिवलंय."

"तुम्ही?" प्रणय साहेबांचा चेहरा उजळला. "अहो, काय भाषा! मी ते वाचूनच इथं बदली मागितली. मग असं करू. माझ्या कारकिर्दीचा इतिहास आतापासूनच लिहायला घ्या. पुढं शोधाशोध नको."

आमरीननं खाली बघत विचारलं, "तासिकेवर का, साहेब?"

"छे छे! तुमच्यासारख्या विदुषीला तासिकेवर ठेवू? मानद!"

म्हणजे फुकट. आणि तुम्हाला सांगतो, लिहितेय ती! जैतुनबीनं नेमणुकीचा तो कागद फ्रेम करून भिंतीवर लावलाय, आल्यागेल्याला दाखवते… पगार नाही तर नाही, पण सही बघा म्हणते, सही नियमित साहेबाची आहे!