जपानी वाचणारा माणूस

नाही जी, ते शिफारसपत्र ठेवा खिशात — जपानी येते म्हणता ना, मंग बसा. या इतवारी बाजारात जपानी येणारे का कमी झाले? दुकानावर पाटी लावली — जपानी औषधांची माहिती इंग्रजीत करून देणारा पाहिजे — तर पहिले एक प्रोफेसर आले, काखेत डिक्शनरी. अर्धा दिवस बसले आन् काय काढलं? 'जपान, ओसाका.' तेवढं तर डब्यावर इंग्रजीतच छापलं होतं.

मंग आले वामनराव. कापसाच्या व्यापाऱ्यासंगं जपानात कोबे बंदरात राहून आलेले, बोलणं असं की जपानचा बादशहा यायच्याच घरी चहा घेते. वाचताना कुठंच अडले नाहीत — तेच तर. औषध होतं जखम धुवायचं, पाण्यात टाकून. यायले 'पाणी' तेवढं वाचता आलं, बाकी मनानं जोडलं — 'पाण्यात टाकून प्यावं, खोकल्यावर उत्तम.' इंग्रजी मोठं झकास. आमच्या दुकानात बसणारे डॉक्टर मनोहरराव त्यालेच भुलले. खरं काय ते मागून मुंबईहून कळलं, तोवर... कोण प्यायलं? — असू द्या, प्यायलं कोणी तरी. — माही पोरगी प्यायली जी, गोपिका. मुलींच्या शाळेत मास्तरीण होती. जीव वाचला, पण गळा जळाला, आवाज गेला. बिनआवाजाची मास्तरीण कोण ठेवते? आन् वामनराव म्हणे, छापणाऱ्याची चूक असन. आता सीताबर्डीवर जपानीचा क्लास चालवून राहिले.

हे वाचा. शिशी गळ्याच्या औषधाचीच आहे, वर गळ्याचं चित्र आहे. इकडचे सारे इलाज थकले म्हणून मागवली. मनोहरराव आता शहाणे झाले, पक्कं इंग्रजी हातात पडल्याबिगर औषध देत नाहीत. हं — जळलेल्या गळ्यासाठी... हं, सकाळ-संध्याकाळ... काहून थांबले? ही दोन अक्षरं येत नाहीत? बरं, एवढं तरी सांगा — प्यायचं, का गुळणी करून थुंकायचं? तेच त्या दोन अक्षरांत आहे? वा जी, इतकी वर्षं शिकून हेच — बरं, अंदाज तर असन तुमचा. अंदाजानंच सांगा ना. मी कोणाले सांगत नाही, मनोहररावालेही नाही, तुम्ही फक्त —

मागं काय पाहून राहिले?

गोपिका... कवा आली वं तू? ती शिशी कुठं नेऊन राहिली? अवं, हे शिकलेले आहेत, यायले येते थोडं... नको म्हणून मान हलवून राहिली? बरं. ठेव वरच्या फळीवर.

उठा जी तुम्ही. दुकान बंद झालं.