गायमुखचा उतार

(मुलुंडमधलं एक हॉस्पिटल. तातडीच्या विभागाबाहेर भिंतीला लावलेल्या खुर्च्या. दुपार.)

शकु : छातीत दुखतंय असं ते स्वतः म्हणाले, की तुला वाटलं?

धम्मपाल : स्वतः म्हणाले. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये. आधी म्हणाले घाम सुटलाय, मग म्हणाले छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटतंय. ताई, तू बस ना जरा.

शकु : मी बसले तर मला उठता येणार नाही. ईसीजी काढला?

धम्मपाल : काढला. त्यात नवीन काही दिसत नाही म्हणाले. पण स्टेंट घातलेला माणूस म्हणून रक्त घेतलंय. एकदा घेतलं, मघाशी परत घेतलं. दोन्ही बघितल्याशिवाय डॉक्टर काही बोलायला तयार नाहीत. आत कोणालाच सोडत नाहीत.

शकु : आणि तुझी बायको? दीप्ती?

धम्मपाल : खाली, प्लास्टरला नेलंय. अंगठ्याचं हाड मोडलं तिच्या. बाकी ठीक आहे.

शकु : आता नीट सांग. फोनवर तू नुसता ‘ताई, गाडी, पप्पा’ करत होतास. पोळ्या तव्यावर टाकून आलेय मी. गॅस बंद केला की नाही, तेही आठवत नाही.

धम्मपाल : आज गाडी आणायला गेलो होतो. बोरिवलीला. चंद्रप्रकाश म्हणून एक जण आहे, त्याची.

शकु : ती पांढरी, छोटी?

धम्मपाल : ती नाही. तिच्याच पैशात दुसरी मिळत होती. अकरा वर्षांची आहे, पण टर्बो इंजिन, सहा गिअर. नवीन होती तेव्हा आपण शोरूमच्या काचेतूनसुद्धा बघितली नसती. अशा गाड्या जुन्या झाल्या की भाव धपकन पडतो. विकत घेणं झेपतं, सांभाळणं झेपत नाही. म्हणून लोक विकून टाकतात.

शकु : म्हणजे पळवायची गाडी.

धम्मपाल : पळते, हो.

शकु : आणि तिच्यात पप्पांना बसवलंस.

धम्मपाल : मी नको म्हणत होतो. ते सकाळपासून पांढरा शर्ट घालून तयार. घरातली पहिली गाडी आहे, मी आणायला येणार, तिथून सरळ विहारात नेऊ, मग घरी. जिना उतरताना शेजारच्या वनमालाबाईंना पण सांगून झालं त्यांचं. त्यांना घरी बस म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

शकु : बरं. पुढे?

धम्मपाल : चंद्रप्रकाश माणूस वाईट नाही. त्याने लपवलं काही नाही. तोच म्हणाला, ब्रेक आता संपत आलेत, पॅड बदला, मागे ब्रेक ऑइलचा एक पाइप ओला दिसतोय तोही बघून घ्या. त्यासाठी त्याने भाव कमी केला. त्याच्या ओळखीचं गॅरेज होतं, सोमवारी गाडी ठेवा म्हणाला, दोन दिवसांत करून देतील.

शकु : मग ठेवायची होती.

धम्मपाल : दीप्ती म्हणाली ठेवू. मी म्हटलं, नको. या गाडीचे पॅडसुद्धा साध्या गाडीच्या चौपट पडतात, ताई. भाव कमी झाला तोच घासाघीस करून, त्यातले पैसे लगेच गॅरेजला द्यायचे म्हणजे हातात काहीच नाही उरत. म्हटलं पगार झाला की मुलुंडला करून घेऊ. आज नुसती घरापर्यंत तर न्यायची आहे. हळू नेऊ.

शकु : हळू.

धम्मपाल : हळूच आणली. तुझी शप्पथ. घोडबंदरने आलो. चढ चढलो तोवर काही नव्हतं. पप्पा मागे बसून सगळ्या बाजूंची बटणं दाबून बघत होते. मग गायमुखचा उतार लागला. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. थांब, चल, थांब, चल. ब्रेकवर पाय ठेवूनच उतरायचं. जळका वास यायला लागला. मला वाटलं ट्रकचा असेल. मग ट्राफिक एकदम मोकळं झालं, गाडीने वेग घेतला आणि पेडल आत गेलं.

शकु : आत म्हणजे?

धम्मपाल : आत. खाली पत्र्याला टेकलं. काही लागलंच नाही. पुन्हा मारलं तेव्हा जरासं धरलं, तिसऱ्यांदा तेही नाही. पुढे एक टेम्पो होता, मागून उघडा. त्यात बायका बसलेल्या, कामावरून येणाऱ्या असतील. त्यांचं तोंड आमच्याकडे. एक बाई हात करून सांगत होती, मागे राहा, मागे राहा. तिला वाटलं आम्ही मस्ती करतोय. मग तिला आमची तोंडं दिसली असतील. तिने हात खाली घेतला आणि शेजारच्या पोरीला पोटाशी धरलं.

शकु : पप्पा काय करत होते?

धम्मपाल : गप्प होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी ओरडत होतो. खालचा गिअर पडला तसं इंजिन असं किंचाळलं, मला वाटलं फुटतंय. हँडब्रेक थोडा थोडा ओढत... आणि तेव्हा पप्पा मागून, एकदम हळू आवाजात म्हणाले, डावीकडे माती आहे बघ. रस्त्याच्या कामाचा ढीग होता. तिथे घातली गाडी.

शकु : तू घातलीस.

धम्मपाल : हो.

शकु : पगार झाल्यावर ब्रेक. धम्मा, आई गेली तेव्हा आपण दोघं याच हॉस्पिटलमध्ये होतो. त्या खिडकीपाशी. तेव्हा तू मला म्हणालास, आता पप्पांचं मी बघेन. मी सासरी होते, पोरं लहान, मी म्हटलं हो बाबा, तू बघ.

धम्मपाल : बोल. अजून बोल. मला चालेल.

शकु : मला नाही चालत.

धम्मपाल : दीप्ती आली. दीप्ती, इथे बस. मी ताईला सगळं सांगितलंय, मी कसा चालवत होतो, सगळं. तू आता काही बोलू नकोस.

दीप्ती : पप्पांचं काय?

धम्मपाल : दुसऱ्या रक्ताचा रिपोर्ट यायचाय. थांब, सिस्टर मलाच बोलावतेय वाटतं. आलो मी.

शकु : त्याला काय सांगणार ते? मी जाऊ का आत?

दीप्ती : एकालाच बोलावलंय, ताई.

शकु : दाखव हात. दुखतंय?

दीप्ती : इंजेक्शन दिलंय. आता बधिर आहे.

शकु : अंगठा कशाने मोडला?

दीप्ती : आपटला.

शकु : स्टीअरिंगवर.

दीप्ती : (ओढणी मानेवर ओढून घेते.)

शकु : माझा नवरा टॅक्सी चालवतो, दीप्ती. अठरा वर्षं मी त्याच्या डावीकडे बसतेय. डावीकडच्याचा सीटचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो. माझ्या भावाच्या शर्टाची शिवण डाव्या खांद्यावर उसवलीय, मानेला वळ आहे तोही डावीकडेच. तुझा उजवीकडे आहे. ओढणी घेतलीस तरी दिसतोय.

दीप्ती : मी चालवत होते.

शकु : तो खोटं का बोलला?

दीप्ती : तुम्ही मला काय म्हणाल, याची भीती त्याला. आमच्या लग्नात तुम्ही म्हणाला होतात, पोरगी फार हौशी आहे, हिला आवरताना धम्माचा जीव जाईल. ते त्याने धरून ठेवलंय. गाडी पण मीच शोधली, ताई. त्याला गाडीतलं काही कळत नाही. त्याला पांढरीच हवी होती.

शकु : तुला कशाला हवी होती असली गाडी?

दीप्ती : दिवसभर स्कूटरवर लोकांच्या घरी जाऊन रक्त गोळा करते मी. जोगेश्वरी, अंधेरी, कुर्ला. डोक्यावर ऊन, मागे डबा. सगळे मला कट मारून जातात. मला एकदा अशी गाडी हवी होती, जी सिग्नल सुटला की माझं ऐकेल. लहानपणी माहुलला आमच्या दारावरून टँकर जायचे, तेव्हापासून मला गाड्यांचं वेड. बोरिवलीतून निघालो तेव्हा मी एवढी खूश होते ना, की आता आठवलं तरी लाज वाटते.

शकु : खरं ते सांग. उतारावर काय झालं? तो म्हणतो, पेडल आत गेलं, मी ओरडत होतो.

दीप्ती : त्याने सांगितलं तसंच झालं. फक्त तो म्हणतो तसा ओरडत नव्हता. त्याला आवाजच फुटत नव्हता. दोन्ही हात डॅशबोर्डला लावून बसला होता, जसं काही तो हाताने गाडी थांबवणार आहे. मला उजवीकडे वळता आलं असतं, पण तिकडून गाड्या वर येत होत्या. सरळ गेले असते तर त्या बायका. मला सुचतच नव्हतं. मी चक्क विचार करत होते की कोणाला मारू. तुम्हाला कळतंय का मी काय म्हणतेय? त्या एका क्षणात मी माणसं निवडत होते. तेवढ्यात पप्पांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माती दाखवली. दाबलं नाही, नुसता ठेवला.

शकु : आणि थांबल्यावर?

दीप्ती : थांबल्यावर टेम्पोवाला पण थांबला. त्याच बायका धावत आल्या. ती हात करणारी बाई मला बाहेर काढत होती आणि शिव्या घालत होती, आणि रडत होती. पप्पा स्वतःच उतरले. दगडावर बसले. त्यांना पाणी दिलं तर म्हणाले, आधी हिला द्या. मग ते पांढरे पडायला लागले.

शकु : मी खरं सांगू? तू चालवत होतीस हे त्या वळावरून कळलं, तेव्हा मला आधी बरं वाटलं. म्हटलं चला, आता हिच्यावर ओरडता येईल. धम्मावर मला धड ओरडता येत नाही, तो लगेच लहान होतो. मी सगळं ठरवून बसले होते काय काय बोलायचं ते.

दीप्ती : बोला मग. मी ऐकून घेईन.

शकु : आता नाही आठवत. पप्पांना काही झालं तर मात्र आठवेल. ते मी लपवत नाही तुझ्यापासून.

दीप्ती : मला पण तेच वाटतं. त्यांना काही झालं तर मी त्या घरात कशी राहू?

शकु : गप. तो आला. धम्मा, काय म्हणाले?

धम्मपाल : दुसरं रक्त पण साफ आहे. हार्ट अटॅक नाही. पट्ट्याचा दाब बसलाय बरगडीला, आणि घाबरल्यामुळे बीपी चढलंय. आजची रात्र ठेवून घेतील, उद्या सोडतील म्हणाले.

शकु : परत सांग.

धम्मपाल : अटॅक नाही, ताई.

शकु : आता बसते मी. तू सरक जरा, दीप्ती.

धम्मपाल : ताई, मी तुला मघाशी सांगितलं त्यातलं एक...

शकु : माहीत आहे मला. तू घरी जाऊन तो शर्ट बदल. आणि त्या गाडीचं काय ते तुम्ही दोघं ठरवा. पण ती मुलुंडला येणार असेल तर उचलून येईल, चालवून नाही.

दीप्ती : मला ती परत बघायचीच नाहीये, ताई.

शकु : आज नको ठरवूस. आज कशाचंच काही ठरवू नकोस.

धम्मपाल : पप्पा विचारत होते. आता एकेकाला पाच मिनिटं सोडणार आहेत. मी म्हटलं, ताई आलीय, तिला पाठवतो. तर म्हणाले, दीप्ती कुठाय, तिच्या हाताचं काय झालं.

शकु : मग ती जाऊ दे आधी.

दीप्ती : तुम्ही जा, ताई. तुम्ही कधीपासून थांबलाय. मला... मला त्यांच्यासमोर जायची भीती वाटते.

शकु : मलाही वाटते. ऊठ. दारापर्यंत मी येते.